शेवटच्या सुराबरोबर

"माझ्या नवऱ्याला फाशी देणार आहेत," बाई दारातूनच म्हणाली. "बसू द्याल तर बसून सांगते."

मदतनीस प्योच्या तोंडात भाताचा घास होता. तो तसाच गिळून त्याने आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. नामगुंगच्या कचेरीत खुर्च्या दोनच. सोलमधल्या एका गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर ही खोली, आणि दारावर 'खाजगी चौकशी' अशी पाटी. पळालेले जावई आणि बुडवे भागीदार हुडकून देणं हा धंदा. फाशीचं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं होतं.

बाईचं नाव बांग ओक-बुन. बाजारात वाळवलेली मासळी विकायची. सोबत धाकटा भाऊ जे-हो होता, टॅक्सीवाला, गळ्यात टॉवेल टाकलेला.

"यजमान कोण तुमचे?" नामगुंगने विचारलं.

"योम दाल-सू. तायक्वांडो शिकवतात."

प्योने जेवणाचा डबा मिटला. दोन दिवस पेपरात दुसरं काही नव्हतं. 'उत्तरेच्या लाल हस्तकाने मैत्री परिषदेच्या सचिवाला भोसकलं.' प्यो एके काळचा मुष्टियोद्धा, नाक दोनदा मोडलेलं. पण असल्या भानगडीचं नाव काढलं की तो पळवाट शोधायचा. तो अर्थपूर्ण खाकरला. नामगुंगने तिकडे लक्ष दिलं नाही.

ओक-बुनने सांगितलं ते असं. आफ्रिका मैत्री परिषदेने योम मास्तरांना पूर्वी लुवांबा नावाच्या देशात पाठवलं होतं. आपण मास्तर पाठवायचे, डॉक्टर पाठवायचे, म्हणजे जगाच्या सभेत उत्तर की दक्षिण असा सवाल आला की तिथला हात आपल्या बाजूने वर होतो. उत्तरवालेही तेच करत. परवा परिषदेचे सचिव मा ह्योंग-सिक यांनी मास्तरांना बोलावून घेतलं. मास्तर गेले तर मा जमिनीवर पडलेले, छातीत सुरा.

"यांनी तो उपसला. वाचतील म्हणून. तेव्हा रक्त उडालं. हे घाबरून पळत घरी आले. रात्री खात्याची माणसं आली."

खात्याला नाव लागत नसे. नुसतं 'खातं' म्हटलं की लोक आवाज खाली आणत.

"घरात काय सापडलं?"

"एक फोटो. लुवांबात उत्तरेच्या तिघांबरोबर जेवताना. दोन कसरत शिकवणारे आणि एक आचारी. यांची आई उत्तरेकडची ना, तर म्हणायचे, आईच्या हातच्यासारख्या थंड शेवया तिच्यामागे त्या आचाऱ्याकडेच खाल्ल्या. शेवया खाल्ल्या म्हणून फाशी, साहेब?"

"याहून कमी गोष्टींवर दिलीय," नामगुंग म्हणाला. "कबुली घेतली?"

"दुसऱ्याच दिवशी."

"पायांना मारून कबूल करवलं का हातांना, तेवढंच बघायचं," जे-हो म्हणाला. ताईने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

नामगुंग उठला आणि त्याने हॅट घेतली. पंचावन्न वर्षांचा, वाळक्या काटकीसारखा माणूस. पोलिसात निरीक्षक होता. एका कबुलीजबाबावरची तारीख आरोपी मेल्यानंतरची आहे, एवढंच तो एकदा वरिष्ठांना म्हणाला होता. तेव्हापासून ही खोली.

"साहेब, या प्रकरणात पडलो तर आपलेही फोटो शोधतील," जिना उतरताना प्यो पुटपुटला.

"तुझा एक तरी फोटो सरळ नाकाचा आहे का? मग ओळखणार कोण?"

जे-होने दोघांना शवागारात नेलं. "भाडं नको," तो म्हणाला. "कुठं जायचं ते सांगा. पूर्वेला, पश्चिमेला, दक्षिणेला. उत्तरेला फक्त नेत नाही, तिकडे मीटर फार पळतो." प्यो हसला आणि मग कोणी ऐकलं का म्हणून खिडकीबाहेर बघू लागला.

शवागारातले डॉक्टर कू नामगुंगचे जुने ओळखीचे. त्यांनी चादर काढली आणि स्वतः दुसरीकडे बघत उभे राहिले.

मा पन्नाशीचा, जाडजूड गृहस्थ होता. डाव्या छातीवर काळी चीर. उजव्या हातातूनही पातं आरपार गेलेलं, दोन हाडं दुभंगून गेलेली. प्योने जन्मात पुष्कळ मार दिला-घेतला होता, पण त्या हाताकडे त्याला बघवेना.

"वार चुकवायला हात आडवा घातला," डॉक्टर म्हणाले. "एकच घाव. ताकदीचा."

"पातं कसलं?"

"लुवांबाचा भेटीचा सुरा. मुठीशी रुंद, टोकाला निमुळता. त्यांच्याच खोलीत भिंतीवर टांगलेला असायचा."

नामगुंगने मेलेला हात उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला. "प्यो, बघ."

प्योने एक डोळा मिटून पाहिलं. हाताच्या पाठीवर जखमेचं तोंड चांगलं रुंद होतं, तळव्यावर बारीक.

"लागलं फार," प्यो म्हणाला.

"तुला पगार याच्यासाठीच देतो," म्हणत नामगुंगने प्रेतावर चादर परत ओढली.

परिषदेची इमारत एका चौकात होती. समोर झेंड्याचा खांब, खांबावर कर्णे. रोज संध्याकाळी झेंडा उतरताना राष्ट्रगीत लागे आणि चौकातलं माणूसन् माणूस जागच्या जागी थांबून झेंड्याकडे तोंड करून उजवा हात छातीवर ठेवी. भाजीवाली थांबे, बस थांबे. कचेऱ्यांतली माणसंही खिडकीशी उभी राहत. जो हलला त्याला उचलला.

विमा कंपनीकडून आलो, असं नामगुंगने ठोकून दिलं. म्हातारा पहारेकरी बोलायला एका पायावर तयार होता.

"मास्तर? झेंडा उतरत होता तेव्हा माझ्या शेजारी पायरीवर उभा होता की! त्या दिवशी मेली दोरी अडकली. गाणं संपलं आणि झेंडा अर्ध्यावर. आता हात खाली कोण घेणार पहिला? माझा खांदा भरून आला. शेवटी एक शिपाई खांबावर चढला, झेंडा खाली आला, तेव्हा सुटलो. मग मास्तर वर गेला, आणि पाठोपाठ रक्ताने माखलेले हात घेऊन खाली पळाला. मी खात्याला हेच सांगितलं. झेंड्यानंतर वर गेला तो हा एकटाच."

प्योने निराशेने मान हलवली. मास्तरच्या गळ्यातला दोर या म्हाताऱ्याने चांगलाच आवळला होता.

वर परिषदेत तीनच माणसं उरली होती. दिवाणखान्यात टंकलेखनिक मिस सोल बसली होती, पंचविशीची, रडून डोळे सुजलेली.

"त्या वेळी कुठे होतात?"

"इथेच, या खिडकीशी. उपसचिव ओ साहेब माझ्या शेजारी. दोरी अडकली तेव्हा मला हसू फुटत होतं. ओठ चावून धरला होता, रक्त आलं बघा. हसले असते तर नोकरी गेली असती. आणि भिंतीपलीकडे मा साहेब..."

"त्यांच्या खोलीत काही आवाज?"

"कर्णे खिडकीसमोरच आहेत. तेव्हा इथे तोफ उडाली तरी कळणार नाही."

मा यांच्या खोलीला दोन दारं होती. एक दिवाणखान्यात, दुसरं पलीकडे अध्यक्षांच्या खोलीत. खिडकी चौकावर. सतरंजीवर, खिडकीपासून दोन हातांवर, रक्ताचा डाग वाळला होता.

उपसचिव ओ किल-जुन उत्तरेतून पळून आलेला निर्वासित. त्याच्या बापाला तिकडे गोठ्यासमोर गोळी घातली होती. कम्युनिस्ट हा शब्द तो थुंकल्यासारखा उच्चारी. प्योने नामगुंगच्या बरगडीत कोपर मारलं. याच्याकडे बघा, असा त्याचा अर्थ.

"मा साहेबांशी तुमचं जमत नव्हतं म्हणे," नामगुंग म्हणाला.

"नव्हतंच. त्यांना लुवांबाशी पुन्हा संबंध जोडायचे होते. पूर्वी नियम होता, ज्याने उत्तरेला दार उघडलं त्याला आपलं दार बंद. आता वारं फिरलंय, दोघांना घरात घेणाऱ्यांशीही हात मिळवायचे. मला ते मान्य नाही. पुढच्या आठवड्यात तिथला मंत्री येतोय. मा साहेब म्हणत, आधी आपण दार कशावरून बंद केलं ते तपासू, म्हणून त्या मास्तराला बोलावलं."

"आणि कशावरून केलं होतं?"

"आमचे अध्यक्ष क्वाक साहेब तेव्हा तिथे राजदूत. त्यांनी तार केली, राजवाड्याचे पहारे उत्तरेच्या तीन लष्करी अधिकाऱ्यांच्या हातात गेलेत म्हणून. आठवड्यात संबंध तुटले. तिथल्या जमावाने आपला दवाखाना पेटवला. ना नावाचे डॉक्टर आत होते. मा साहेबांनी त्यांना हात धरून ओढलं, तर हाताची कातडी मोज्यासारखी यांच्या मुठीत आली. सहा वर्षं झाली, हा माणूस हातमोजे घालत नव्हता. थंडीतसुद्धा." ओने तोंड पुसलं. "भांडायचो मी त्यांच्याशी. पण असा माणूस पुन्हा व्हायचा नाही."

"झेंडा उतरताना?"

"या मुलीशेजारी. दोरी सुटेपर्यंत हाताला मुंग्या आल्या. आमच्या तिकडे तर असा झेंडा अडकता तर खांब लावणाऱ्याला लटकवला असता."

अध्यक्ष क्वाक तै-उन यांच्या खोलीत भिंतभर फोटो होते: मानपत्रं घेताना, शाळांमधून लाल धोक्यावर भाषणं देताना. माणूस उंच, केस रुपेरी, आवाज घंटेसारखा. येत्या निवडणुकीत ते उभे राहणार हे सगळ्या शहराला माहीत होतं.

"विमा? बिचाऱ्या विधवेला लवकर देऊन टाका. मा सरळ माणूस होता. सापाला दूध पाजलं, डसला."

"आपण कुठे होता, साहेब? कागदावर घालावं लागतं."

"जिथे असायला हवं तिथे. माझ्या या खिडकीत, छातीवर हात ठेवून. आजवर एक दिवस चुकलो नाही. गाण्याच्या शेवटच्या सुराबरोबर झेंडा खाली येतो ना, तेव्हा परवाही माझे डोळे भरून आले. आणि त्यानंतर काही क्षणांत तो हरामखोर जिना चढला."

"परवाही तसाच आला? शेवटच्या सुराबरोबर?"

"रोज येतो. बघत नाही का तुम्ही?"

"बघतो, साहेब. न बघून जातो कुठे," नामगुंग अदबीने म्हणाला आणि वाकून बाहेर पडला.

खाली टॅक्सीत प्योने आपला निकाल सांगितला. "ओ साहेब. शंभर टक्के. बापाचं वैर डोक्यात गेलं."

"आणि मिस सोल?"

"ती त्याच्यावर भाळलेली असणार. म्हणून खोटं बोलते."

"प्यो, तुझ्या हातात न्यायालय दिलं तर शहरात माणूस शिल्लक राहणार नाही. जे-हो, टेलिफोनपाशी थांब."

त्याने सरळ खात्याला फोन लावला. "मा खून प्रकरणात एक लाल अजून मोकळा फिरतोय," तो म्हणाला. "उद्या दुपारी परिषदेच्या दिवाणखान्यात दाखवतो." आणि फोन ठेवून दिला. प्योने गाडीचं दार धरलं.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. खात्याचा मेजर, सा नावाचा, ठेंगणा होता. बोटांची पेरं सोललेली, ताजी. ती कशाने सोलली ते प्योला विचारावं लागलं नाही. ओक-बुन दाराशी उभी होती. तिची नजर त्या पेरांवरून हलत नव्हती.

"कुठाय लाल?" मेजरने विचारलं.

"आधी हात दाखवतो. ओ साहेब, उभे राहा. मी सुरा घेऊन तुमच्यावर येतोय. अडवा."

ओने हात पुढे केला. तळवा नामगुंगकडे होता.

"सगळे असंच अडवतात. सुरा तळव्यात शिरतो आणि पाठीकडून निघतो. पातं मुठीशी रुंद, तेव्हा शिरतो तिथे जखम मोठी. मा साहेबांच्या हाताची जखम पाठीवर मोठी आणि तळव्यावर लहान आहे. सुरा हाताच्या पाठीतून शिरला, तळव्यातून निघाला आणि छातीत गेला. डॉक्टर कूंना बोलवा, ते नाही म्हणणार नाहीत. म्हणजे त्यांचा उजवा हात कुठे होता?"

मग मिस सोलने आपला हात हळूच डाव्या छातीवर ठेवला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"तिथेच. हात छातीला खिळला गेला. धट्टाकट्टा माणूस समोरून सुरा येताना छातीवर हात ठेवून उभा राहतो, असं दिवसात एकदाच होतं. राष्ट्रगीत चालू असताना. हललं तर गुन्हा, आणि नजर झेंड्यावर."

प्योला आत्ता कुठे उजेड पडला. "पण मग मास्तर..."

"मास्तर तेव्हा पायरीवर पहारेकऱ्याच्या शेजारी उभे होते. झेंड्यानंतर वर गेले, हीच तर खात्याची फिर्याद आहे. तीच त्यांना सोडवते. सुरा जखमेत बुचासारखा बसला होता, म्हणून मारणाऱ्यावर शिंतोडा नाही. उपसणारा भरला."

ओक-बुनने दाराची चौकट धरली.

"तेव्हा वर तिघे होते," नामगुंग म्हणाला. "मी तिघांना एकच विचारलं, कुठे होतात. तिघे म्हणाले खिडकीत, झेंडा बघत. पण त्या दिवशी दोरी अडकली होती. गाणं संपलं तरी झेंडा अर्ध्यावर, शिपाई खांबावर. मिस सोलला हसू आवरेना, ओ साहेबांच्या हाताला मुंग्या आल्या. एकटे अध्यक्ष म्हणाले, शेवटच्या सुराबरोबर झेंडा खाली आला आणि डोळे भरून आले."

क्वाक हसले. "म्हातारा झालो. विसरलो."

"रोजच्यासारखा दिवस माणूस विसरतो, साहेब. अख्खा चौक हात छातीवर ठेवून ताटकळला तो दिवस नाही विसरत. पोटात दुखत होतं, शौचालयात होतो, एवढं म्हणाला असतात तर मी हात चोळत घरी गेलो असतो. पण ते तुमच्या तोंडून निघणार नव्हतं. झेंड्याला उभा नव्हतो, असं या देशात कोण म्हणेल? त्यातून तुम्ही."

"आणि कशासाठी? कारण?"

"तीन लष्करी अधिकारी. दोन कसरतवाले आणि एक शेवया करणारा आचारी. मास्तरांच्या फोटोतले ते हेच तिघे. त्या तारेवर तुम्ही मोठे झालात, त्या तारेवर देशाने एक दार बंद केलं, आणि डॉक्टर ना जिवंत जळाले. मा साहेबांनी ते मास्तरांच्या तोंडून वदवून घेतलं असतं, तर मंत्री यायच्या आत तुमची पाटी पुसली गेली असती. मधल्या दाराने आलात, भिंतीवरचा सुरा घेतलात. त्यांना वाटलं, साहेब शेजारी उभे राहायला आले."

ओच्या घशातून गुरगुरल्यासारखा आवाज आला. प्योने त्याला मागून कवेत धरलं नसतं तर तिथेच दुसरा मुडदा पडला असता.

मेजरने मात्र सिगारेट पेटवली. "हुशार आहात," तो नामगुंगला म्हणाला. "पण उद्या ही तार खोटी होती म्हणून छापायचं? सगळ्या जगासमोर? मा मेला, वाईट झालं. अध्यक्ष साहेब, आपण घरी जा. मी बघतो."

क्वाक उठले आणि त्यांनी कोटाची बटणं लावली. ओक-बुन नुसती खाली बसली.

"जाऊ द्या त्यांना," नामगुंग म्हणाला. "फक्त एक शंका, मेजर. मा साहेब खिडकीकडे तोंड करून होते आणि वार समोरून झाला. मग मारणाऱ्याचं तोंड कुठे होतं आणि पाठ कुठे?"

मेजरची सिगारेट ओठाशी थांबली.

"राष्ट्रगीत चालू होतं," नामगुंग म्हणाला.

मेजर सावकाश क्वाककडे वळला. खुनाचं ऐकताना जी नजर थंड होती ती आता पेटली होती. "झेंड्याकडे पाठ केलीत?"

"मी जे केलं ते झेंड्यासाठीच केलं," क्वाक ओरडले. "तुमच्यासारखे कालचे शिपाई मला..."

मेजरचा ठोसा त्यांच्या तोंडावर बसला. दुसऱ्या ठोशाला दात सतरंजीवर पडले. तिसऱ्यानंतर प्योने मोजणं सोडलं. तो स्वतः रिंगणात राहिलेला माणूस. कुठे थांबायचं ते त्याला ठाऊक होतं, आणि हा माणूस तिथे थांबत नव्हता. मिस सोलने भिंतीकडे तोंड केलं. माणसाच्या जिवाची किंमत शून्य, आणि पाठ फिरवल्याची ही शिक्षा! प्योला किळस आली, आणि खरं सांगायचं तर त्याला थोडं बरंही वाटलं.

"मास्तरांचं काय?" शेवटी नामगुंगने विचारलं.

मेजर रुमालाने पेरं पुसत होता. "खुनाचं कलम काढतो. सकाळी मागच्या फाटकाशी या. बाकीचं बाकी राहील."

"बाकीचं म्हणजे?"

मेजर रुमाल खिशात घालून जिना उतरू लागला.

सकाळी जे-हो टॅक्सी घेऊन येणार होता, तो आलाच नाही. "रात्रीचं लांबचं भाडं लागलं असेल," ओक-बुन म्हणाली. तिघं बसने गेली. तिने नवऱ्यासाठी धुतलेला सदरा आणि गरम पेज आणली होती. वाटेत ती प्योशी चक्क बोलली, मास्तर घरी आल्यावर बाजारातलं दुकान वाढवायचं म्हणाली.

फाटक उघडलं. दोघांनी योम मास्तरांना बखोटीला धरून आणलं आणि पोतं टाकावं तसं फुटपाथवर टाकलं. फाटक बंद झालं. मास्तरांच्या पायांची बोटं काळीनिळी होती, नखं नव्हती. ज्या पायांनी त्यांनी दोन देशांत माणसं शिकवली ते आता त्यांना जमिनीवर टेकवत नव्हते.

ओक-बुन रडली नाही. ती त्यांच्यापुढे पाठ करून बसली आणि लेकराला घेतात तसं तिने त्यांना पाठुंगळी घेतलं. प्यो मदतीला वाकला, म्हणून त्याला ऐकू आलं.

"ओक-बुन, नावं मागत होते. मी आधी मेलेल्यांची दिली. मग मेलेले संपले."

"मग?"

"मग जे-होचं दिलं. दुसरं कुणाचं आठवेचना."

ती उठता उठता थांबली. आता ही त्यांना टाकून देईल, असं प्योला वाटलं. तिने एक उसळी देऊन नवऱ्याला पाठीवर नीट घेतलं आणि उभी राहिली. मास्तरांचा चेहरा तिच्या मानेत लपला होता.

"साहेब," ती नामगुंगला म्हणाली, "यांना घरी निजवून जे-होसाठी परत येते. तुम्ही इथून हलू नका."

ती रस्त्याने निघाली. नामगुंगने बंद फाटकाकडे पाहिलं, हॅट काढली आणि तो फुटपाथवर बसला. प्यो त्याच्या शेजारी बसला.